कारखाना वाचवायचा की कारखानदार?

अडचणीत आलेल्या उद्योगांना सरकारने सावरावे की नाही, या विषयावर गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: मोठा उद्योग बुडायला आला की एक पक्ष म्हणतो, करदात्यांच्या पैशातून त्याला वाचवा, दुसरा म्हणतो, बाजारात टिकेल तो टिकेल. दोन्ही बाजू ऐकल्या की दोन्ही पटतात. कृपया गोलमोल न बोलता आपले मत सांगावे.

उत्तर: माझे मत असे आहे की, चालू शकणारा कारखाना, त्यातले कुशल हात आणि त्याच्यावर विसंबलेले पुरवठादार वाचवण्यासाठी सरकारने क्वचित प्रसंगी पैसा घालावा, भागधारकांचे भांडवल आणि व्यवस्थापनाच्या खुर्च्या वाचवण्यासाठी मात्र कधीही घालू नये. ‘कंपनी बुडाली’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. कंपनी ही कागदावरची मालकी असते आणि कारखाना ही काम करणारी गोष्ट असते. मालकी संपली म्हणून यंत्रे बंद पडलीच पाहिजेत, असा काही नियम नाही.

ब्रिटनमधील रोल्स-रॉइसचे उदाहरण पाहू. लॉकहीड या अमेरिकी कंपनीच्या नव्या प्रवासी विमानासाठी ‘आरबी२११’ हे इंजिन आधीच ठरवलेल्या किमतीत पुरवण्याचा करार तिने केला होता. इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांपासून बनवलेल्या हलक्या पदार्थाची करायची, ही त्यातली मोठी कल्पना होती. परंतु उडत्या विमानावर पक्षी आदळल्यास काय होईल, हे पाहण्याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत आणि टायटॅनियमच्या पात्यांकडे वळावे लागले. खर्च फुगत गेला, किंमत मात्र करारात जखडलेली राहिली, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीने हात टेकले. तेव्हा सत्तेवर असलेले एडवर्ड हीथ यांचे हुजूर पक्षाचे सरकार डबघाईला आलेल्या उद्योगांना हात देणार नाही असे सांगत असे. तरी त्याच सरकारने विमान-इंजिनांचा व्यवसाय ताब्यात घेऊन नवी सरकारी कंपनी उभी केली. जुनी कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेली. आरबी२११ ने १९७२ मध्ये प्रवासी सेवेत उड्डाण केले, त्याच्याच आराखड्यातून पुढे ‘ट्रेंट’ इंजिनांची मालिका निघाली, आणि १९८७ मध्ये सरकारने कंपनी पुन्हा खासगी भागधारकांना विकली. येथे माल खरा होता, सौदा चुकला होता.

त्याच देशात १९७५ मध्ये सरकारने ब्रिटिश लेलँड ही मोटारी बनवणारी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा दुखणे निराळे होते. ऑस्टिन आणि मॉरिस या नावांनी जवळजवळ एकच गाडी विकायची, आपल्याच दोन विक्रेत्यांना एकमेकांशी झुंजवायचे, गाड्यांच्या दर्जाविषयी ग्राहकांच्या तक्रारी आणि कारखान्यांत संपांची रांग, असा सगळा कारभार होता. सरकारने वर्षानुवर्षे पैसा ओतला. पुढे तुकडे विकले गेले. उरलेला रोव्हरचा भाग बीएमडब्ल्यूने २००० मध्ये अवघ्या १० पौंडांना देऊन टाकला आणि एप्रिल २००५ मध्ये तो बंद पडला. शेवटच्या दिवसांत सरकारने एका आठवड्याच्या पगारापुरते ६५ लाख पौंडांचे कर्ज दिले होते. ज्या नावांना खरोखर गिऱ्हाईक होते, ती जॅग्वार आणि लँड रोव्हर ही नावे मालक बदलत आजही उभी आहेत, आणि मला वाटते, तुकडे आधीच पाडले असते तरीही ती उभी राहिली असती.

म्हणून कोणत्याही प्रस्तावाला मी पहिला प्रश्न हा विचारीन की, सगळे जुने कर्ज पाटीवरून पुसून टाकले तर उद्यापासून हा धंदा स्वतःच्या मिळकतीवर चालेल का? चालणार असेल तर ती पैशांची चणचण आहे. चालणार नसेल तर धंदाच आजारी आहे, आणि पैशाने फक्त दुखणे लांबते. वॉल्टर बॅजट या इंग्रज संपादकाने १८७३ मध्ये मध्यवर्ती बँकेसाठी असाच दंडक सांगितला होता: संकटाच्या वेळी सढळ हाताने कर्ज द्यावे, पण चांगल्या तारणावर आणि चढ्या व्याजाने. चढे व्याज यासाठी, की ज्याला खरी निकड आहे तोच दारात येईल. अर्थात, १९७१ मध्ये ते इंजिन यशस्वी होईलच याची खात्री कोणालाही नव्हती. आज मागे वळून निवाडा देणे मला सोपे जात आहे, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न: क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीने सरकारचे पैसे वेळेआधी फेडले, तर जनरल मोटर्समध्ये अमेरिकी सरकारला तोटा झाला. मग पहिले बेलआउट (सरकारी मदतीने सावरणे) यशस्वी आणि दुसरे अपयशी, असे म्हणायचे का?

उत्तर: नाही. पैसे परत आले की नाही हा हिशेबाचा एक रकाना झाला, पूर्ण ताळेबंद नव्हे.

क्रायस्लरला सरकारने रोख रक्कम दिलीच नव्हती. जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तिच्या १.५ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना थकहमी दिली. त्याच्या बदल्यात बँकांनी सवलती द्यायच्या, कामगार संघटनेने पगारात कपात सोसायची, आणि सरकारला ठरलेल्या भावाने कंपनीचे समभाग विकत घेण्याचा हक्क मिळायचा, अशा अटी होत्या. १९८३ मध्ये कंपनीने हमीचे सर्व कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. तोवर समभागांचा भाव चढला होता, त्यामुळे समभाग घेण्याचा तो हक्क मौल्यवान झाला होता, आणि कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी सरकारने तो सोडून द्यावा अशी खटपट केली. सरकारने नकार देऊन हक्काचा लिलाव केला, आणि शेवटी क्रायस्लरलाच तो सुमारे ३१ कोटी डॉलर मोजून विकत घ्यावा लागला. आयाकोका यांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतल्याची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ही दुसरी गोष्ट सांगणारे कमी भेटतात.

या यशोगाथेला आणखी एक बाजू आहे. १९८१ पासून जपानने, अमेरिकेच्या दबावामुळे, तेथे पाठवायच्या मोटारींवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा घालून घेतली. स्पर्धा कमी झाली, मोटारींचे भाव चढले आणि तो बोजा अमेरिकी ग्राहकाने उचलला. सरकारी खात्यात त्याची नोंद कुठेच नाही. शिवाय जी कंपनी ‘वाचली’ म्हणून गाजली, तीच २००८ च्या अखेरीस पुन्हा सरकारच्या दारात उभी होती.

जनरल मोटर्सची गोष्ट उलट आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते आपापल्या खासगी विमानांनी, आणि त्यावरून इतका गहजब झाला की पुढच्या महिन्यात ते मोटारींनी आले. मार्च २००९ मध्ये सरकारने जनरल मोटर्सच्या प्रमुखांना पायउतार व्हायला लावले. १ जून २००९ रोजी कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही, आणि नव्या कंपनीत सुमारे ६१ टक्के भाग सरकारचा झाला. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने शेवटचे समभाग विकले तेव्हा १० अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता. तरीही तोटा कोणाच्या माथी आधी जावा याचा क्रम येथे बऱ्याच अंशी सांभाळला गेला: मालक आधी, धनको त्यांच्यामागे, करदाता शेवटी.

आता एआयजी या विमा कंपनीकडे पाहा. तिच्यासाठी २००८ पासून टप्प्याटप्प्याने १८२ अब्ज डॉलरपर्यंतची तजवीज झाली, आणि ते सगळे सुमारे २२ अब्ज डॉलर नफ्यासह परत आले. पण ज्या मोठ्या बँकांचे एआयजीकडे येणे होते, त्यांना त्या पैशातून पूर्ण रक्कम चुकती झाली, एका पैशाचीही सूट न घेता. आणि मार्च २००९ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटल्याचे बाहेर आले. नफा झालेले हे बेलआउट मला तोटा झालेल्या जनरल मोटर्सपेक्षा वाईट वाटते, कारण धोका पत्करून व्याज कमावणाऱ्यांना धोका प्रत्यक्षात आल्यावर कसलीही झळ बसली नाही, आणि पुढच्या वेळी सावध राहण्याचे कारण त्यांच्यापाशी उरले नाही.

प्रश्न: मी वीस कामगारांचा लहान उद्योग चालवतो. माझ्यासारखे शेकडो उद्योग गुपचूप बंद पडतात, त्यांच्यासाठी कोणी बैठक बोलावत नाही. मोठ्यांनाच मदत का?

उत्तर: आपली तक्रार रास्त आहे. दिले जाणारे कारण असे की, मोठी संस्था कोसळताना इतरांना खाली ओढते. बँकांच्या बाबतीत ते खरे आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडू दिली गेली, आणि काही दिवसांत एकमेकांना एका रात्रीपुरतीही उसनवार द्यायला बँका कचरू लागल्या. पण हे कारण पुष्कळदा मोटारी, पोलाद, विमानसेवा अशा सगळ्यांनाच सरसकट चिकटवले जाते. एक विमान कंपनी बंद पडली तर तिची विमाने दुसरी कंपनी भाड्याने घेते. प्रवाशांची गैरसोय होते, अर्थव्यवस्था थांबत नाही. अशा वेळी मदतीमागे बहुधा मतदारसंघ आणि मथळे असतात.

लहानांसाठी वेगळा मार्ग आहे, आणि त्यात कोणत्याही मंत्र्याला कंपनी निवडावी लागत नाही. जर्मनीत मंदीच्या काळात मालकाने कामगार न काढता त्यांचे तास कमी केले, तर बुडालेल्या वेतनाचा मोठा भाग रोजगार विमा निधीतून भरला जातो. २००९ च्या मंदीत एका वेळी १४ लाखांहून अधिक कामगार या सोयीखाली होते. वीस जणांचा कारखाना आणि वीस हजारांचा, दोघांनाही नियम तोच. तात्पुरत्या मंदीसाठी याहून न्याय्य साधन मला माहीत नाही. मात्र जो धंदा कायमचा मागे पडला आहे, त्याला ते लागू करणे म्हणजे कामगारालाच अडकवून ठेवणे होय.

प्रश्न: निदान सुधारायला थोडा वेळ तरी द्यावा, हे योग्य नाही का?

उत्तर: वेळ फुकट नसतो, आणि तो कोणाला दिला यावर सगळे अवलंबून असते. १९७० च्या दशकात स्वीडन हा जहाजबांधणीत जपानखालोखालचा देश होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या तेलवाहू जहाजांची मागणी आटली, आशियातल्या गोद्या स्वस्तात जहाजे बांधू लागल्या, आणि सरकारने १९७७ मध्ये बऱ्याच गोद्या एका सरकारी कंपनीखाली आणून त्यांना अनेक वर्षे पोसले. माल्मो शहरातील कॉकुम्स गोदीत व्यापारी जहाजे बांधणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अखेर थांबलेच. तिच्या जागेवर उभा राहिलेला साब कंपनीचा मोटार कारखाना १९८९ मध्ये सुरू होऊन १९९१ मध्ये बंद पडला. गोदीची सुमारे १३८ मीटर उंचीची क्रेन कोरियातील ह्युंदाईने एका डॉलरला घेतली आणि २००२ मध्ये ती सुटी करून जहाजाने उल्सानला नेली. त्या गोद्यांवर गेलेला पैसा प्रशिक्षणावर आणि नव्या व्यवसायांवर दहा वर्षे आधी गेला असता तर, हा प्रश्न तेथे आजही विचारता येतो. १९९८ मध्ये माल्मोत विद्यापीठीय महाविद्यालय सुरू झाले, त्यानंतर शहराचे रूप पालटू लागले.

भारतातल्या अनुभवानेही हेच दिसले. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्यानुसार साचलेल्या तोट्याने निव्वळ संपत्ती खाऊन टाकलेली कंपनी औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे जाऊ शकत असे, आणि प्रकरण नोंदले गेले की धनकोंच्या वसुलीला स्थगिती मिळत असे. हेतू सुधारण्याचा होता. प्रत्यक्षात अनेक प्रवर्तकांना ते संरक्षणच सोयीचे झाले, कारण प्रकरण जितकी वर्षे रेंगाळे तितकी वर्षे मालमत्ता त्यांच्याच ताब्यात राही. २०१६ मध्ये ते मंडळ बंद होऊन दिवाळखोरी संहिता आली, आणि तिने दोन गोष्टी बदलल्या: प्रक्रिया सुरू होताच कारभार प्रवर्तकांच्या हातून काढून व्यावसायिकाकडे दिला जातो, आणि निकालाला मुदत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवसांची आहे. बरीच प्रकरणे ही मुदत ओलांडतात, हे खरे. तरीही कारभार हातचा जाईल, या धास्तीने काही कर्जदार प्रकरण दाखल होण्याच्या आधीच थकबाकी भरून मोकळे होतात. आधीच्या कायद्याखाली अशी घाई करण्याचे कोणालाच कारण नव्हते.