वाड्याने आधीच डॉक्टर केलेली मुलगी

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत माझी समुपदेशनाची खोली आहे. वाचनालयाला लागून, वर पत्रे. जुलैत पाऊस सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, खुर्ची पुढे ओढावी लागते. तशाच एका दुपारी बारावी सायन्सची एक मुलगी आली. ओली छत्री कुठे ठेवावी ते कळेना म्हणून मांडीवरच धरून बसली. स्कर्ट भिजत होता, तिचं लक्ष नव्हतं.

"टीचर, मला मेडिकलला जायचंय की नाही तेच कळत नाही. आणि हे कुणाला सांगताही येत नाही."

हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो. कधी मुलं विचारतात, बहुतेक वेळा आयाच विचारतात: मार्क आहेत, मग मेडिकल का नको? आणि नको तर मग काय? ही गोष्ट त्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. मुलीची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच आला होता. "मला डॉक्टर नाही व्हायचं" म्हणाला. मी ते जसंच्या तसं घेतलं. त्याच्या घरच्यांना दोनदा बोलावून समजावलं, आणि मुलाच्या बाजूने उभी राहिले म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. दोन वर्षांनी तो म्हापशाच्या बसस्टँडवर भेटला. म्हणाला, "टीचर, मला डॉक्टरच व्हायचं होतं. फिजिक्स जमत नव्हतं." मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही."

खरंच विचारलं नव्हतं. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात, उरलेले निम्मे-निम्मे फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे. जीवशास्त्रात रमणारी कितीतरी मुलं फिजिक्सच्या त्या 180 गुणांना घाबरून "मला डॉक्टर व्हायचंच नाही" म्हणून मोकळी होतात. भीती परीक्षेची असते, पण नाव कामाचं घेतलं जातं. फिजिक्सची भीती शिकवणीने, सरावाने, निदान अर्धी तरी कमी होते. कामच नको असेल तर त्यावर शिकवणी नाही.

तेव्हापासून मी दोन्ही वेगळं करणारा एक प्रश्न आधीच विचारते. तिलाही विचारला: "समज, उद्या सकाळी नीट न देता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, गोमेकॉत, जागा मिळाली. जाशील?"

"नाही" लगेच आलं तर एक अर्थ, "हो" लगेच आलं तर दुसरा. हिने बराच वेळ छत्रीची मूठ फिरवली. मग म्हणाली, "जाईन. पण कुणाला सांगणार नाही."

एवढ्या वर्षांत हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

मग हळूहळू निघालं. पाचवीत असताना तिने शेजारच्या मुलाच्या गुडघ्याला पट्टी बांधली होती. त्या दिवसापासून वाड्यावर (आमच्याकडे वस्तीला वाडा म्हणतात) ती "दोतोर", म्हणजे डॉक्टर, झाली. दहावीच्या निकालाला पेढे वाटले तेव्हा कुणी तिला काय करणार विचारलंच नाही, थेट "गोमेकॉ ना?" म्हणून विचारलं. आजीच्या तोंडी तर नातीचं नावच दोतोर. आपल्याकडे हे खोल मुरलेलं आहे. पणजीत 1842 साली वैद्यकीय शाळा निघाली, आजच्या गोमेकॉचं मूळ तिथे आहे. इतक्या पिढ्यांत घरात एक तरी डॉक्टर असणं ही नुसती नोकरी राहिली नाही, घराण्याची पत झाली. पण ज्या पोरीने अजून ठरवलेलंच नाही तिच्या गळ्यात ती पत बांधली की तिला हवं असलं तरी हवंसं वाटेनासं होतं. तिला मेडिकल नको होतं का? मला तसं वाटलं नाही. ते तिच्या आधी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, एवढंच तिला खुपत होतं.

पहिला उपाय साधा होता. घरात सांगायचं, दसऱ्यापर्यंत "दोतोर" हाक बंद. आई हसली म्हणे. आजीने तीन दिवस पाळलं.

दुसरी गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. आजीला मधुमेह. वडील कामावर, आई अंगणवाडीत, म्हणून दोन वर्षं आजीला गोमेकॉत हीच नेत होती. सकाळची कदंबची बस, पणजीला बदलायची, बांबोळी. बारावीच्या मुलांना "हॉस्पिटल बघून या" असं मी नेहमी सांगते, आणि ही पोर दर तीन-चार महिन्यांनी अख्खा दिवस तिथे काढत होती. तिने काय पाहिलं ते कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, आठवतं ते सगळं वहीत लिहून आण. छान लिहू नको, नुसतं लिही.

ती पानं माझ्यासमोर आहेत. केसपेपरची रांग. उपाशीपोटी रक्त, मग आजीने पिशवीतून काढलेली पातळभाजी आणि पाव, मग दोन तास बाकावर बसून पुन्हा रक्त. "इंटर्न डॉक्टर जांभई देत होता, पण नाव न विसरता बोलला." औषधांच्या खिडकीवर झालेलं भांडण. आणि मग अर्ध्या पानाहून जास्त एकाच गोष्टीवर.

झालं होतं असं. तपासणीच्या दोन दिवस आधीपासून आजी गोड बंद करायची. उपाशीपोटीची साखर चांगली यायची आणि घरी येताना आजीची मान ताठ. गेल्या गणेश चवथीनंतर मात्र डॉक्टरांनी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करायला सांगितलं. आकडा आला आणि आजी पकडली गेली. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर न करताच विचारलं, "आजी, पातोळ्यो कितल्यो खाल्ल्यो?" पातोळ्या म्हणजे हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ. आजीने सगळं कबूल केलं, हळदीची पानं कुणाच्या परसातून आणली तिथपर्यंत.

मुलगी थेट रक्त काढणाऱ्या ताईकडे गेली: दोन दिवसांचं पथ्य कळलं कसं? ताईने सांगितलं, रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. ती पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्या तपासणीत मागचे दोन-तीन महिने दिसतात. दोन दिवसांच्या उपासाला ती भुलत नाही. वहीत याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: "म्हणजे रक्त हिशेब ठेवतं."

इथे सांभाळायचं असतं. समुपदेशकालाही पटकन शोध लावायचा मोह होतो: अरे, ही तर लॅबची मुलगी! अर्ध्या पानावरून कुणाचं आयुष्य ठरवायचं नसतं. मी विचारलं, दोघांपैकी कुणाच्या जागी बसावंसं वाटलं? आकडा काढणाऱ्या की पातोळ्या विचारणाऱ्या? ती म्हणाली, "दोन्ही. पण आजीला ओरडायचं मला जमणार नाही."

मग आम्ही कागदावर मांडलं. बऱ्याच घरांत माहीत नसतं की हॉस्पिटलात रक्त तपासणारे पॅथॉलॉजिस्ट, जंतू तपासणारे मायक्रोबायोलॉजिस्ट हेही बहुतेक डॉक्टरच असतात. असे डॉक्टर एमबीबीएसनंतर त्या शाखेला जातात, आणि रोज ओपीडीत बसत नाहीत. पण तिथे पोचायला साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप लागतेच, आणि त्यात वॉर्ड, प्रसूती, रात्रपाळी सगळं येतं. ते नको असेल तर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी आहे, ती ताई त्याच वाटेने आली होती. बीएससीला मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आहे, पुढे ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ. समुद्रातल्या जिवाणूंवर काम करायचं तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था बसने गाठता येते. संशोधनच करायचं तर पुण्याला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, पण त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. अर्ज बारावीच्या धामधुमीतच भरावा लागतो, नीटच्या निकालाची वाट पाहत बसलात तर तो दरवाजा बंद झालेला असतो. दर वर्षी दोघं-तिघं जूनमध्ये येऊन "टीचर, आयसर?" विचारतात, आणि मला मान हलवावी लागते.

आता वडील. ते शाळेची बस, म्हणजे बालरथ, चालवतात, शाळेच्या वेळात खोलीत येऊ शकत नव्हते. मीच दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडीत जाऊन बसले. सीट मुलांच्या, गुडघे हनुवटीला लागत होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "मॅडम, माझा खाणीवर ट्रक होता. कर्ज काढून घेतलेला. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा ही पाच वर्षांची. पुन्हा सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा बंद. ट्रक विकला. खाण बंद पडते. दुखणी कधी बंद पडतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि द्यायचंही नव्हतं. बाहेरून हट्ट दिसतो, पण या माणसाने आपला एकमेव धंदा दोनदा बुडताना पाहिलेला. मी फक्त म्हटलं, दुखणी बंद पडत नाहीत तोवर रक्त तपासायचंही बंद पडत नाही. ते हसले नाहीत, पण मान हलवली. मग बोटांवर मोजू लागले: साडेचार, एक, पुढे एमडी तीन. "म्हणजे सत्तावीस. कमवणार कधी?" इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळतं, एमडी करतानाही मिळतं, हे त्यांना माहीत नव्हतं. लेकीला डॉक्टर करायला निघालेल्या बापाला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांचा एकच आग्रह होता: जागा नाही मिळाली तर एक वर्ष ड्रॉप, म्हणजे कुठेच प्रवेश न घेता पुन्हा नीट. याबाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे. ड्रॉपचा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नये. तेव्हा घरात कुणी रडत असतं, कुणी जेवत नाही, आणि शेजारच्या कुणाचा तरी नंबर लागलेला असतो. म्हणून नोव्हेंबरात, डोकी थंड असताना, तिच्या त्याच वहीत तिघांनी लिहिलं: पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या मागच्या वर्षीच्या मेडिकल प्रवेश यादीत आपल्या गटात शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते बघायचं. त्याच्या 40 गुणांच्या आत असेल तर ड्रॉपचा विचार, तोही मुलीने स्वतः म्हटलं तरच. नसेल तर विषय बंद. 40 हा आकडा आमचा. दुसऱ्या घरात तो 20 असेल. खाली वडिलांनी बालरथच्या हजेरीच्या पेनाने सही केली.

मे महिन्यात तिने नीट दिली, आयसरचीही दिली. रहिवासाचे दाखले आधीच काढून ठेवले होते. (हे प्रत्येक पालकाला सांगते: मामलेदार कचेरीची रांग निकालानंतर लांबते.) आयसरला जमलं नाही. नीटमध्ये ती रेषेच्या 31 गुण खाली राहिली, म्हणजे वहीप्रमाणे ड्रॉप घेता आला असता. वडील आठवडाभर काही बोलले नाहीत. त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. तिने म्हापशाच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला प्रवेश घेतला.

यंदा चवथीनंतर ती भेटायला आली. केळीच्या पानात गुंडाळलेल्या दोन पातोळ्या माझ्यासाठी. आजीचा तीन महिन्यांचा आकडा बऱ्यापैकी खाली आला आहे म्हणाली, कारण आता घरात हिशेब ठेवणारं माणूस आहे. मग दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, कॉलेज सांभाळून ती पुन्हा नीटचा अभ्यास करते आहे. पहाटे पाच ते साडेसात, फिजिक्स आधी.

"घरी माहीत आहे?"

"पपांना. आईला थोडं."

"आणि आजीला?"

"टीचर, आजीला सांगितलं म्हणजे वाड्याला सांगितलं."