प्राध्यापकांच्या कार्यशाळा होतात, पण वर्गात काहीच बदलत नाही. काय करावं?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. दर सत्रात कार्यशाळा होतात, लोक येतात, सही करतात, प्रमाणपत्र नेतात आणि सोमवारी वर्गात पुन्हा जैसे थे. विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक पडेल असं काय करावं, आणि फरक पडला हे वरिष्ठांना दाखवावं कसं?

मी अनेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि आता पूर्णवेळ हेच काम करते. सुरुवातीची तीन वर्षं मीसुद्धा कार्यशाळाच घेत होते. मनापासून घ्यायचे, लोकांना आवडायच्याही. पण कार्यशाळेत आपण ‘अध्यापन’ या विषयावर बोलतो आणि समोर बसलेल्या माणसाची अडचण असते ती ‘दुसऱ्या वर्षाला एन्ट्रॉपी सुरू झाली की निम्मा वर्ग हातातून सुटतो’ ही. ही अडचण घेऊन तो येतो आणि तशीच घेऊन परत जातो. दुसऱ्या दिवशी दहाचा तास असतो, चाळीस स्लाइड तयार असतात, पोर्शन मागे पडलेला असतो. नवं काही करून बघावं तर ते फसलं की सावरायला शेजारी कोणी नसतं. अशा वेळी माणूस हातखंडा असलेलंच करतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: वर्गात जाऊन बसा. प्राध्यापकांनी बोलावलं तरच जा, आणि गेल्यावर त्यांच्याकडे कमी आणि विद्यार्थ्यांकडे जास्त बघा.

एका ऊष्मागतिकीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. सरांची तयारी चोख, फळ्यावरचं अक्षर देखणं. मी वहीच्या डाव्या कडेला वेळ लिहीत होते आणि सरांनी प्रश्न विचारला की मनात सेकंद मोजत होते. त्या तासात अकरा प्रश्न झाले. सर्वांत लांब थांबा दोन सेकंदांचा होता. पाच प्रश्नांची उत्तरं सरांनीच दिली, उरलेल्या सहांची पहिल्या बाकावरच्या त्याच दोन मुलांनी. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहायला घ्यायची, आणि उत्तर जाहीर झालं की लिहिलेलं खोडायची. तासानंतर मी एकही सल्ला दिला नाही, फक्त वही पुढे केली. सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘ती मुलगी कोणती?’

पुढचं सगळं काम त्या प्रश्नातून सुरू झालं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांत नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात. पण ही माहिती मी सरांना आधी दिली असती तर त्यांनी मान डोलावली असती, इतकंच. स्वतःच्या वर्गाचे सेकंद बघितल्यावर त्यांनी आपणहून ठरवलं की प्रश्न विचारायचा, सगळ्यांना उत्तर कागदावर लिहू द्यायचं, शेजाऱ्याशी ताडून बघायला सांगायचं आणि मगच हात वर करायला सांगायचे. मी पुढच्या आठवड्यात परत गेले, आणि त्यानंतर पंधरवड्याने पुन्हा. खरी मेहनत या परतीच्या फेऱ्यांमध्ये असते. पहिल्यांदा नवी पद्धत हमखास फसते, वेळ जास्त जातो, मुलं गोंधळतात. तेव्हा कोणी सोबत असलं तर माणूस टिकतो.

विद्यार्थी कुरकुर करतील हेही प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांतले २२५ अभ्यास एकत्र तपासून २०१४ मध्ये एक निष्कर्ष छापला गेला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, बोलायला, सोडवायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. आकडा बोलका आहे. पण तुमच्या कामासाठी मला त्याहून मोलाचा वाटतो तो हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला २०१९चा अभ्यास. तिथे स्वतः सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, आणि तरीही ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना मात्र आपल्याला काय येत नाही तेच सारखं समोर येतं. प्राध्यापकाला हे ठाऊक नसेल तर तिसऱ्या आठवड्यातल्या तक्रारी ऐकून तो निमूट जुन्या पद्धतीकडे वळतो. पहिल्याच तासाला त्याने ही गोष्ट वर्गाशी मोकळेपणाने बोलावी.

‘माझी व्याख्यानं मुलांना आवडतात, मला याची गरज नाही’ असं म्हणणारेही भेटतील. त्यांना मी एरिक माझुर यांचा अनुभव सांगते. तेही हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मुलं त्यांच्यावर खूश होती. १९९०च्या सुमारास त्यांनी बल आणि गतीच्या साध्या संकल्पनांची एक चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांवर अडली होती. त्यातूनच त्यांची विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावून सांगण्याची पद्धत उभी राहिली. हे ऐकून बहुतेक जण एक छोटी चाचणी स्वतःच्या वर्गात देऊन बघायला तयार होतात, आणि मला तेवढंच हवं असतं.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना विचारण्याची. पण सत्र संपल्यावर विचारून उपयोग नाही, कारण तोवर त्या वर्गासाठी उशीर झालेला असतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्राध्यापकांच्या संमतीने वर्गातली वीस-पंचवीस मिनिटं घ्या. प्राध्यापक बाहेर जातात, मुलं चार-पाचच्या गटात बसतात आणि तीन प्रश्नांवर बोलतात: शिकायला कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो, आणि काय बदलता येईल. गटाचं ज्यावर एकमत होईल तेवढंच कागदावर येतं, नाव कुणाचंच नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात काही दशकांपूर्वी घडलेली ही पद्धत आता अनेक देशांत वापरतात. गटात बोलल्यामुळे एकट्यादुकट्याचा राग बाजूला पडतो आणि खरी अडचण वर येते. एका गणिताच्या वर्गात नऊपैकी सहा गटांनी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं: ‘मॅडम उदाहरण छान सोडवतात, पण पहिली ओळ कुठून सुचली ते कळत नाही.’ मॅडमना ते वाचून धक्काच बसला, कारण त्यांच्या दृष्टीने पहिली ओळ उघड होती. वीस वर्षं तोच विषय हाताळलेल्या माणसाला आपण ती ओळ निवडतो हेच जाणवत नाही. त्या दिवसापासून त्या उदाहरण सोडवायच्या आधी खडू खाली ठेवून, काय काय रस्ते दिसतात आणि त्यातला हाच का घ्यायचा, ते मोठ्याने बोलू लागल्या. दिवसाला एक उदाहरण कमी झालं, आणि त्याने काही बिघडलं नाही. फक्त एक पथ्य पाळा. पुढच्याच तासाला प्राध्यापकांनी वर्गाला सांगायला हवं की तुमचं वाचलं, हे बदलतोय, हे बदलता येणार नाही आणि का. ते राहिलं तर मुलं पुन्हा खरं बोलणार नाहीत.

आता सगळ्यांत नाजूक बाब. तुमची वही कुणाच्याही बढतीच्या, नेमणुकीच्या किंवा चौकशीच्या कामी जाता कामा नये. ही चूक मी केली आहे. एका विभागप्रमुखांनी एका प्राध्यापकाबद्दलची माझी टिपणं मागितली, चांगल्या हेतूनेच मागितली असं मला वाटलं, आणि मी दिली. टिपणं वाईट नव्हती. तरीही त्या प्राध्यापकाने मला पुन्हा बोलावलं नाही, आणि पुढची दोन वर्षं त्या विभागातून एकही निमंत्रण आलं नाही. मी त्यांची माफी मागितली, पण गेलेला विश्वास माफीने परत येत नाही. म्हणून काम हाती घेतानाच वरिष्ठांकडून हे लेखी घ्या: किती जणांना मदत केली हा आकडा मिळेल, कुणाच्या वर्गात काय दिसलं ते मिळणार नाही.

मग वरिष्ठांना दाखवायचं काय? विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण तर मुळीच दाखवू नका. अशा अनेक अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र फेरतपासणी झाली, आणि या गुणांचा प्रत्यक्ष शिकण्याशी काही अर्थपूर्ण संबंध सापडला नाही. त्याऐवजी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी संकल्पनांचे तेच दहा-पंधरा प्रश्न द्या. सुरुवातीला वर्गाची सरासरी ४० टक्के आणि शेवटी ७० टक्के आली, तर वाढायला ६० होते आणि वाढले ३०, म्हणजे ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६,५०० हून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल असेच मांडले होते. पारंपरिक वर्गांत वाढीचं हे प्रमाण सरासरी ०.२३ निघालं आणि विद्यार्थ्यांना गुंतवणाऱ्या वर्गांत ०.४८. हा आकडा दोन प्राध्यापकांची तुलना करायला वापरू नका. एकाच वर्गाचं मागचं आणि पुढचं सत्र बघायला तो पुरेसा आहे.

कार्यशाळा बंद करा असं मी म्हणत नाही. त्या छोट्या करा, एका विषयाच्या लोकांपुरत्या करा, आणि दोन बैठकांमध्ये करून बघायला तीन आठवडे ठेवा. तीन-चार प्राध्यापकांचा गट पंधरवड्याला भेटून एकमेकांचे तपासलेले पेपर बघतो तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा जास्त काम होतं. वरिष्ठांकडे काही मागायचं असेल तर आठवड्याचा एक तास कमी करून मागा, सभागृह आणि पाहुणे नकोत.

आणि सुरुवात ‘कच्च्या’ शिक्षकांपासून करू नका. तसं केलंत तर तुमच्या खोलीत येणं म्हणजे आजारी असणं असा समज होईल, आणि ज्यांना यायचं आहे तेही येणार नाहीत. ज्यांच्या शब्दाला विभागात मान आहे असे, आपणहून उत्सुक असलेले पाच-सहा जण शोधा. पहिल्या सत्राला तेवढे पुरेत. त्यांच्या तासाला जाण्याआधी त्यांना तुमच्या तासाला बोलवा. वही त्यांच्या हातात द्या आणि तुमचे सेकंद त्यांना मोजू द्या.