नऊ महिन्यांचं बाळ सारखं वस्तू खाली टाकतं, सगळं तोंडात घालतं, पण अजून रांगत नाही. काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा हातातली वस्तू खाली टाकतो, उचलून दिली की पुन्हा टाकतो, दिसेल ते तोंडात घालतो. आणि ओळखीतलं त्याच्याच वयाचं बाळ घरभर रांगत असताना हा मात्र बसल्या जागी असतो. माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. ती एवढी होती तेव्हा याच प्रश्नांनी माझी झोप उडवली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टाकण्याबद्दल. एक दिवस दहाव्यांदा चमचा उचलून दिल्यावर मी ठरवलं की आता नुसतं बघायचं. तिने चमचा खुर्चीच्या कडेबाहेर धरला, एकेक बोट सैल केलं आणि तो पडून आवाज होईपर्यंत अगदी स्तब्ध राहिली. मग प्लास्टिकचं झाकण टाकलं. आवाज वेगळा आला तशी ती वाकली आणि झाकण गोल फिरून थांबेपर्यंत बघत राहिली. मग मी हातात रुमाल दिला. तो पडला, पण आवाज आलाच नाही. तिने खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि रुमालासाठी हात पुढे केला. तो रुमाल तिने त्या दिवशी किती वेळा टाकला याची गणतीच नाही. त्रास देण्याचा हेतू त्यात कुठेच नव्हता. ती काहीतरी तपासून बघत होती.

आणि टाकणं म्हणजे नुसतं टाकणं नसतं. तळहाताला काही लागलं की मूठ आवळणं ही बाळाची जन्मजात प्रतिक्रिया असते, पण ठरवून मूठ उघडणं त्याला शिकावं लागतं. ते साधारण नऊ-दहा महिन्यांच्या आसपास जमायला लागतं. नवी कला हाती आल्यावर दिवसभर तीच करून बघावीशी वाटणारच.

२०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा एक प्रयोग छापून आला होता. तो वाचल्यापासून मी या टाकाटाकीकडे आदरानेच बघतो. अकरा महिन्यांच्या बाळांना त्यांनी अशक्य वाटणारे प्रसंग दाखवले. काहींना खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसली, तर काहींना ती आधाराशिवाय हवेत थांबलेली दिसली. नंतर गाडी हातात दिल्यावर पहिल्या बाळांनी ती आपटून पाहिली आणि दुसऱ्यांनी खाली टाकून पाहिली! जे खटकलं, नेमकं तेच तपासलं.

घरी करून बघण्यासारखं आणखी एक आहे. खुळखुळा त्याच्या डोळ्यांदेखत फडक्याखाली झाका. माझी मुलगी सहा महिन्यांची असताना तिचा हात तिथल्या तिथे थांबायचा, जणू खुळखुळा जगातूनच नाहीसा झाला. साडेआठ महिन्यांची असताना एका संध्याकाळी तिने फडकं ओढून काढलं आणि मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो. स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हा बदल आठव्या महिन्याच्या सुमारास होतो असं मांडलं होतं. पुढे १९८० च्या दशकात रेने बायार्जाँ यांनी दाखवलं की चार-पाच महिन्यांची बाळंसुद्धा झाकलेली वस्तू तिथेच असल्याची अपेक्षा धरतात. फक्त हाताने शोधणं त्यांना अजून जमत नसतं. बाळाला जे करता येत नाही ते त्याला कळतही नसेल असं धरून चालू नये, हे मला तेव्हा पटलं.

तोंडात घालणंही याच वयाचं. ओठ आणि जीभ हे त्याचे चांगलेच तयार झालेले स्पर्शाचे अवयव आहेत. खरखरीत काय, गार काय, दाबलं की दबतं काय, हे त्याला तिथे समजतं. ते थांबवू नका, पण वस्तू निवडून द्या. टॉयलेट पेपरच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं, असं धरून चाला. चपट्या गोल बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं तर घरात मोकळी असूच नयेत. अशी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी ताबडतोब रुग्णालयात जा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

आता रांगणं. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या ८१६ मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष दिले, त्यांत हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ ते १३.५ महिने असा आहे. एवढा मोठा पल्ला! शिवाय ४.३ टक्के मुलं तशी रांगलीच नाहीत. माझी मुलगी ढुंगणावर सरकत फिरायची आणि मग थेट धरून उभी राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२२ मध्ये बाळाच्या विकासाच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. त्यामुळे त्या दुसऱ्या बाळाशी तुलना सोडून द्या. लवकर चालावं म्हणून चाकांचा वॉकरही आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. जमिनीवर मोकळं सोडणं आणि हाताच्या थोडं पलीकडे काहीतरी ठेवणं, एवढं पुरतं.

काही गोष्टी मात्र थांबून बघण्यासारख्या नाहीत. आधाराशिवाय बसता येत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, ‘बाबाबा’, ‘मामामा’ असे आवाज काढत नसेल, नजर देत नसेल, किंवा सतत एकच हात वापरून दुसरा तसाच ठेवत असेल, तर लवकर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी येणारी एखादी गोष्ट करणं बंद झालं असेल तर अजिबात वेळ घालवू नका. ‘मुलगे उशिराच शिकतात’ असं कुणी कितीही सांगो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर वय प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं. दोन महिने आधी जन्मलेलं नऊ महिन्यांचं बाळ विकासाच्या हिशेबाने सात महिन्यांचं धरतात.

तो बसतो हे तुमच्या लिहिण्यातून कळलं. हाकेला वळतो का आणि दोन्ही हात सारखे वापरतो का, तेवढं बघून खाली लिहा. आणि आज एकदा चमच्याऐवजी रुमाल देऊन पाहा. पहिल्यांदा आवाज आला नाही की त्याने काय केलं, ते मला फार ऐकायचंय.