भाऊ गेला तो गेलाच, पण तीन पुस्तकं त्याला पुरवायचं कसं?

प्रश्न : नमस्कार सर, मी चोपडा तालुक्यातली, शाळेत शिकवते. माझी तीन कादंबऱ्यांची मालिका आहे, पहिली छापून झाली, दुसरी अर्ध्यात अडकलीये. धागा एकच, १९७२ च्या दुष्काळात थोरला भाऊ भुसावळला गाडीत बसतो आणि परत येत नाही, तो कुठे गेला ते तिसऱ्या भागाच्या शेवटी कळणार. पण धागा सुटू नये म्हणून दर दोन प्रकरणांनी मी कोणाला तरी त्याची आठवण काढायला लावते, आई रडते, बहीण फोटो पुसते वगैरे, आणि आता मलाच कंटाळा यायला लागलाय. मिस्टर म्हणतात सांगून टाक एकदाचं कुठे गेला ते. काय करू?

उत्तर : ताई, मिस्टरांचं ऐकू नका, पण ते असं का म्हणतायत ते ऐका. त्यांना उत्तराची घाई नाहीये, तोच तोच प्रश्न ऐकून ते वैतागलेत. "कुठे गेला असेल गं" हे वाक्य पहिल्या पुस्तकात काळजाला लागतं, दुसऱ्यात तेच आलं की वाचक पानं उलटतो.

तुमच्याकडे केळी आहे म्हणून केळीच्याच भाषेत बोलतो. नवतीच्या, म्हणजे नव्याने लावलेल्या केळीच्या, बुंध्याशी पिलं किती फुटतात, पण आपण एकच जोमदार ठेवतो आणि बाकीची कापत राहतो, नाहीतर घड बारीक पडतो. घड उतरला की ठेवलेल्या पिलावर पिलबाग उभी राहते, कंद तोच, घड नवा. मालिकेचं पण तेच आहे बघा. पहिल्या पुस्तकाचा घड पहिल्या पुस्तकातच निसवला, म्हणजे बाहेर पडला पाहिजे, म्हणजे ज्याने तेवढंच पुस्तक वाचलं त्याला रिकाम्या हाताने उठल्यासारखं वाटता कामा नये, आणि दुसऱ्याला स्वतःचा घड पाहिजे. तुमच्या दुसऱ्या भागाला घडच नाहीये, तो नुसता तिसऱ्याची वाट बघत बसलाय. (आणि जाता जाता, पत्रासोबत जो गोषवारा पाठवलाय त्यातलं मामाचं जिनिंगचं भांडण आणि मास्तरांचं प्रेमप्रकरण ही दोन पिलं आजच कापा, पुढे जीव होणार नाही.)

मग घड कुठून आणायचा? धागा तोच ठेवायचा, त्याला लागलेला प्रश्न बदलायचा. तुमच्याच गोष्टीत तो पडलेला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं, ज्यांना एखाद्या माणसाची खबर सहज कळली असती अशा लोकांना सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. १९७२ अधिक सात म्हणजे १९७९. आता दुसरं पुस्तक १९७९ मध्ये ठेवून बघा. सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव आहे, धाकट्याला विहिरीसाठी कर्ज पाहिजे, ते नाव निघाल्याशिवाय कागद हलत नाही, आणि नाव काढायचं तर कोर्टात जाऊन म्हणायला लागतं की तो मेला असं धरा. कोण म्हणणार? आई म्हणणार नाही. बायको म्हणाली तर कपाळावरचं कुंकू जातं, नाही म्हणाली तर पोरांच्या वाट्याची जमीन अडकते. इथे कोणी फोटो पुसायची गरजच नाही, एकजण सुद्धा त्याची आठवण काढत नाही तरी तो प्रत्येक पानावर आहे. पहिल्या पुस्तकाचा प्रश्न होता कुठे गेला, दुसऱ्याचा झाला त्याला मेलेला म्हणायचं का. आणि तिसऱ्यात तो खरंच दारात उभा राहिला तर ज्याने कोर्टात सही केली तो त्याच्या डोळ्यात कसा बघेल, हा तिसरा. कुठे होता एवढी वर्षं हे मग दोन पानात उरकलं तरी चालेल, माझ्या मते उरकावंच.

आता तिसऱ्या भागाची वस्तू आधीच पेरून ठेवायची ती कशी, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण हॅरी पॉटर. १९९८ च्या दुसऱ्या पुस्तकात एक डायरी येते, तिथलं तिचं काम तिथेच संपतं, वाचक समाधानी, आणि ती खरी काय चीज होती हे कळतं २००५ च्या सहाव्या पुस्तकात. लक्षात घ्या, मधल्या पुस्तकांत लेखिका दर दोन प्रकरणांनी डायरी डायरी करत नाही. पेरलेल्या वस्तूला तिथल्या तिथे काहीतरी काम द्यायचं, मग ती लपते. भावाची ट्रंक, पत्र, जे काही असेल ते पहिल्या भागात नुसतं ठेवलं असेल तर वाचकाला तेव्हाच वास आलेला असणार.

आणि रहस्य पाहिजेच असंही नाही हं. आपल्याच खानदेशातल्या सांगवीचे नेमाडे, त्यांचा चांगदेव पाटील चार कादंबऱ्या नोकरीसाठी गावं आणि कॉलेजं बदलत फिरतो, माणसाची अस्वस्थता हाच तिथला धागा, शेवटी काय गुपित उघडणार म्हणून कोणी वाचत नाही.

प्रश्न : दादा, मी शहाद्याचा. माझ्या सिरीजमध्ये काळ १९८० ते २००५ असा आहे, मागच्या भागात काय लिहिलं ते लक्षातच राहत नाही. काही युक्ती?

उत्तर : वही. मोबाइलमध्ये नको, वही. प्रत्येक पात्राला एक पान, त्यावर जन्मसाल, कुठल्या वर्षी किती वयाचा, अंगावरच्या खुणा, आणि कोणती गोष्ट त्याला कधी कळली. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पात्राला जे अजून कळलेलंच नाही त्यावर ते चिडलेलं दाखवलं की धागा तिथेच तुटतो. दुसरं म्हणजे गावाचं सुद्धा एक पान करा. तुमचा हिरो १९८५ ला नंदुरबारच्या कलेक्टर ऑफिसात गेला तर गेलात कामातून, नंदुरबार जिल्हाच झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी धुळ्याला जावं लागायचं. १९८६ ला कोणी पदवीधर झाला तर पुणे विद्यापीठ लिहा, उमवि म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं १९९० ला, आणि त्याला बहिणाबाईंचं नाव लागलं २०१८ ला.

प्रश्न : (तेच) आणि चूक छापून गेली असेल तर?

उत्तर : तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात. शेरलॉक होम्सच्या वॉटसनला १८८७ च्या पहिल्या गोष्टीत गोळी खांद्याला लागलेली, १८९० च्या दुसरीत ती पायाला गेली, लोक अजून त्यावर वाद घालतात. माझं स्वतःचं सांगतो, पहिल्या भागात जिनिंगमध्ये एकाचं डाव्या हाताचं बोट गेलं आणि तिसऱ्या भागात तो त्याच डाव्या हाताच्या पाचही बोटांनी भाकरी थापायला लागला, जळगाव स्टँडवर एका आजोबांनी मला गाठून विचारलं, भाऊ, बोट परत फुटलं का? मी काय बोलणार, चहा पाजला त्यांना. चौथा भाग लिहायला घेतलाय, त्यात त्याच्या बायकोच्या तोंडी एक वाक्य टाकलंय की ह्या माणसाच्या बोटाची गोष्ट दर वेळी वेगळी असते, कोणाला काय सांगेल नेम नाही. आता तो खोटारडा निघालाय आणि खरं सांगू का, आधीपेक्षा जास्त आवडायला लागलाय मला.