इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण वेळेला आठवत नाहीत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इंग्रजी शब्दसंग्रह आणि वापर याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज वीस इंग्रजी शब्द अर्थासकट वहीत लिहून पाठ करतो. आठवड्यानंतर त्यातले चार-पाचही आठवत नाहीत. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

अजिबात नाही. पाठ करण्याची पद्धत बदलायला हवी. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ असतो आणि यादी वाचताना दोन्ही एकदम डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे ‘हे येतंय मला’ असं वाटतं. पण समोर दिसलेला शब्द ओळखणं वेगळं आणि काहीही समोर नसताना तो आठवून काढणं वेगळं. बोलताना-लिहिताना दुसरंच लागतं, आणि सराव मात्र पहिल्याचा होतो. म्हणून मराठी बाजू बघा, इंग्रजी शब्द झाकून ठेवा आणि मनाला थोडा ताण देऊन तो आठवा. आठवला नाही तरी तो ताण वाया जात नाही.

दुसरा मुद्दा उजळणीच्या वेळेचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ठरावीक काळानं त्यातलं किती टिकलं ते मोजायचं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणजे एका रात्रीत दहा वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं आणि मग महिन्यानं एकेकदा आठवणं कितीतरी फायद्याचं. पुढे 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. त्यात एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेली कार्डं ठेवायची. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं. चुकलेलं पहिल्या कप्प्यात परत येतं. आजची बरीच फ्लॅशकार्ड ॲप याच तत्त्वावर चालतात.

आता तुमच्या वीस शब्दांचा हिशेब करा. वर सांगितलेल्या चार उजळण्या धरल्या, तर महिन्यानंतर रोज वीस नवे आणि ऐंशी जुने शब्द समोर येतील. एवढं कुणालाच झेपत नाही. सात-आठ शब्द घ्या.

कार्डावर नुसता अर्थ लिहू नका. समजा, शब्द आहे ‘रिलक्टंट’. वहीत तुम्ही ‘नाखूश’ लिहिलंत, की तो दुःखी माणसासाठीही वापरला जाईल. त्याऐवजी कार्डाच्या एका बाजूला लिहा : ‘सही करायची त्याची मनातून तयारी नव्हती – ही वॉज ... टु साइन.’ रिकामी जागा भरताना शब्द तर आठवतोच, शिवाय त्याच्यापुढे ‘टु’ आणि क्रियापद येतं हेही लक्षात राहतं.

आणखी एक. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांसारखे एकमेकांत गुंतणारे शब्द एकाच दिवशी पाठ करू नका. त्यांची आयुष्यभर अदलाबदल होत राहते. एक पक्का झाला की मगच दुसरा घ्या.

प्रश्न : इंग्रजी ‘येतं’ म्हणायला एकूण किती शब्द लागतात?

काय करायचं आहे त्यावर ते ठरतं. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला अंदाज असा : कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं, तर 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं हवीत, आणि बोललेलं समजायला 6,000 ते 7,000. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसाइडेड, डिसिजन, डिसायसिव्ह असे एका मुळाचे शब्द मिळून एक.

आकडा मोठा वाटेल, पण शब्द सारख्या वजनाचे नसतात. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सर्वांत उपयोगी अशा सुमारे 2,000 शब्दांची यादी काढली. साध्या मजकुरातले ढोबळमानानं 80 टक्के शब्द एवढ्यांतच येतात. माझा आग्रह असा, की हे दोन हजार नुसते ओळखीचे नकोत, हाताशी हवेत. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘कीप’ यांचे पाच-पाच उपयोग सहज करता येणारा माणूस दुर्मीळ शब्दांची यादी पाठ असणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे असतो.

प्रश्न : कामाच्या ईमेलमध्ये माझे काळ, वचन चुकत नाहीत. तरी वरिष्ठ म्हणतात, ‘वाचताना हे इंग्रजी वाटत नाही.’ नमुन्यादाखल दोन वाक्यं पाठवते : ‘वी डिड अ मीटिंग यस्टर्डे अँड डिस्कस्ड अबाउट द डिले. प्लीज एक्स्प्लेन मी द रीझन.’

वाक्यं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण असा प्रश्न हवेत सुटत नाही. तिन्ही खटकणाऱ्या जागांमागे मराठी उभी आहे.

आपण मीटिंग ‘करतो’ किंवा ‘घेतो’, म्हणून ‘डिड’ आलं. इंग्रजीत मीटिंगबरोबर ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’ येतं. आपण चर्चा कशा‘बद्दल’ तरी करतो, म्हणून ‘अबाउट’ आलं. पण ‘डिस्कस’ला मध्ये काही लागत नाही, विषय थेट त्याच्यापुढे येतो. गंमत म्हणजे ‘डिस्कशन’ हे नाम झालं, की ‘अबाउट’ चालतं. तिसरं, ‘मला समजावून सांगा’ यावरून ‘एक्स्प्लेन मी’. ‘टेल मी’ बरोबर आहे, पण ‘एक्स्प्लेन’ची बांधणी निराळी : आधी काय समजावायचं ते, मग ‘टु मी’. आता वाक्यं अशी होतील : ‘वी हॅड अ मीटिंग यस्टर्डे अँड डिस्कस्ड द डिले. कुड यू एक्स्प्लेन द रीझन?’ इथे ‘टु मी’ची गरजही उरली नाही, कारण कुणाला ते उघड आहे.

यातून दिसतं ते असं, की शब्द सुटा शिकून भागत नाही. तो कुणाच्या सोबतीनं येतो हे त्याच्याबरोबरच शिकावं लागतं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1950 च्या दशकात हा विचार ठामपणे मांडला आणि शब्दांच्या अशा सोबतीला ‘कोलोकेशन’ हे नाव रूढ झालं. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’. मिस्टेक ‘मेक’ करायची, रिस्क ‘टेक’ करायची, अटेन्शन ‘पे’ करायचं. असं का, याला बहुतेक वेळा उत्तर नसतं. मराठीतही आपण निर्णय घेतो, अंदाज बांधतो, हट्ट धरतो आणि संशय घेतो. लहानपणापासून जोडीनंच ऐकल्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही. परक्या भाषेत ते कष्टानं मिळवावं लागतं.

यासाठी हातात योग्य शब्दकोश हवा. शिकणाऱ्यांसाठीचा, म्हणजे ‘लर्नर्स डिक्शनरी’ हा वेगळा प्रकार आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत तयार केलेला असा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला. कोणत्या क्रियापदामागे वाक्य कसं रचायचं, हे दाखवणं हाच त्याचा मोठा विशेष. पुढे 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कोबिल्ड प्रकल्पानं लाखो शब्दांचा प्रत्यक्ष वापरातला मजकूर संगणकावर तपासून कोश केला आणि अर्थही पूर्ण वाक्यांत दिले. असा कोश उघडलात, की अर्थाच्या आधी उदाहरणं वाचा. अर्थ तुम्हाला बहुतेक वेळा माहीत असतो, अडतं ते बांधणीपाशी.

आणि कामाचं सांगते : पंधरा दिवस तुम्हाला आलेल्या चांगल्या ईमेलमधून क्रियापद आणि नाम यांच्या जोड्या उतरवून घ्या. ‘मीट अ डेडलाइन’, ‘रेझ अ कन्सर्न’, ‘रीच ॲन ॲग्रीमेंट’. रोजच्या कामात अशा थोड्याच जोड्या पुन्हा पुन्हा लागतात. त्या बसल्या, की वरिष्ठांची तक्रार आपोआप कमी होईल.

प्रश्न : अर्जात छाप पडावी म्हणून कोणते भारदस्त शब्द वापरावेत?

कृपया वापरू नका. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची कित्येक शतकं दरबार-कचेरीत फ्रेंच चालली. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द झाले : ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘आस्क’ आणि ‘एन्क्वायर’, ‘बाय’ आणि ‘परचेस’. यातले दुसरे शब्द आजही औपचारिक वाटतात. अख्खा अर्ज त्यांनी भरला, की वाचणाऱ्याला मुद्दा शोधावा लागतो आणि छाप पडते ती उलटीच.

समानार्थी शब्दांच्या कोशातून शब्द उचलण्यात तर मोठा धोका आहे. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ निरागस, ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट. ‘चीप’ म्हणजे स्वस्त खरं, पण हलक्या दर्जाचं असंही त्यातून ध्वनित होतं. जो शब्द तुम्ही तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी वापरलेला पाहिला नाही, तो अर्जात घालू नका.

प्रश्न : वाचताना प्रत्येक अडलेला शब्द कोशात बघावा का? आणि इंग्रजी-मराठी कोश वापरणं चुकीचं आहे का?

प्रत्येक शब्द बघत बसलात, तर चार पानांत पुस्तक मिटून ठेवाल. आधी पुस्तक नीट निवडा. मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असतील, तर वाचन सुखानं होतं, असं नेशन आणि इतर अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. कुठलंही एक पान उघडा, शंभर शब्द मोजा. एक-दोन अडले तर उत्तम, पण पाचांपेक्षा जास्त अडले, तर ते पुस्तक आत्ता नको. मोजक्या शब्दांत लिहिलेली ‘ग्रेडेड रीडर्स’ मिळतात. मोठ्या माणसांनीही ती जरूर वाचावीत, त्यात कमीपणा मुळीच नाही.

वाचताना शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि पुढे चला. तोच शब्द पुन्हा भेटला, किंवा त्याच्यावाचून गाडी अडली, तरच कोश उघडा.

इंग्रजी-मराठी कोश सुरुवातीला अवश्य वापरा. मातृभाषेला दाराबाहेर ठेवून शिकण्याचा हट्ट मला पटत नाही. ‘मच्छर’ किंवा ‘भूकंप’ कळायला चार ओळींची इंग्रजी व्याख्या कशाला हवी? मात्र तो दोन हजारांचा टप्पा ओलांडलात, की इंग्रजी-इंग्रजी कोशाकडे वळा. लाँगमनच्या 1978 च्या शिकाऊंसाठीच्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे 2,000 साध्या शब्दांतच लिहिल्या होत्या. पुढे इतर अशा कोशांनीही असाच मार्ग धरला.

प्रश्न : स्पेलिंग एक, उच्चार दुसराच. याला काही नियम नाही का?

थोडे आहेत, पण इतिहास जास्त आहे. ‘नाइफ’मधला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा. उच्चार गेला, अक्षर राहिलं. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी मात्र इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. मूळ लॅटिन शब्द दिसावा म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला.

माझ्या मते मूक अक्षरांपेक्षा आघाताकडे लक्ष देणं अधिक गरजेचं आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. मराठीत आघात असा अर्थाला धरून हलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही. नवा शब्द शिकताना कोशातलं ध्वनिमुद्रण ऐका आणि जोराच्या अवयवाखाली रेघ मारा.

प्रश्न : मला सगळं समजतं, चित्रपट उपशीर्षकांशिवाय कळतो. पण बोलायला तोंड उघडलं, की शब्द सापडत नाहीत. बोलायला जोडीदारही नाही.

समजणारे शब्द वापरात येणाऱ्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात, मातृभाषेतसुद्धा. तुमच्याकडे शब्द आहेत. ते काढण्याचा वेग नाही, आणि तो ऐकून वाढत नाही.

एकट्यानं करता येण्यासारखा एक सराव सांगते. भाषाशिक्षक तो चार-तीन-दोन या नावानं ओळखतात. आज घडलेली एखादी गोष्ट निवडा. घड्याळ लावून ती इंग्रजीत चार मिनिटं सांगा. लगेच तीच गोष्ट तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. पहिल्या खेपेला अडखळाल. तिसऱ्या खेपेला काय सांगायचं ते ठरलेलं असतं, वाक्यं एकदा तोंडातून गेलेली असतात आणि सगळं लक्ष ओघाकडे राहतं. फोनवर मुद्रण करून ठेवा. जिथे तिन्ही वेळा अडलात ती जागा शोधा आणि तेवढ्यासाठीच कोश उघडा. असा गरजेतून शोधलेला शब्द यादीतल्या शब्दापेक्षा चांगला टिकतो. तीन-चार दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा सांगा.

आणि ऐन बोलताना शब्द सुचला नाही, तर गप्प होऊ नका. त्यासाठी तीन वाक्यं तोंडपाठ हवीत : ‘व्हॉट आय मीन इज...’, ‘लेट मी पुट इट अनदर वे’, आणि वस्तूचं नाव आठवत नसेल तेव्हा ‘इट्स अ थिंग यू यूज टु...’. ‘चाळणी’चा इंग्रजी शब्द आठवत नसेल, तर ती कशासाठी वापरतात ते सांगा. समोरचा बहुतेक वेळा स्वतःच शब्द पुरवतो. तो लगेच आपल्या पुढच्या वाक्यात वापरा आणि घरी आल्यावर त्याचं कार्ड करा.