पिशवीतून निघालेली लाल रेघेची ट्यूब

“सगळं करून झालं, तरी मुरुमं वाढतातच.” कॉलेजच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी आईबरोबर आली ती हे सांगत. आईच्या मते अंगात उष्णता. मुलीच्या मते चेहरा स्वच्छ राहत नाही. म्हणून दिवसातून सहा वेळा साबण, वर लिंबू पिळलेलं डाळीचं पीठ खसखसून.

अशा वेळी चेहऱ्याला लागणारं सगळं पिशवीत घालून आणायला सांगावं. तिच्या पिशवीतून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली एक ट्यूब निघाली. कडेला उभी लाल रेघ (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधाची खूण), बारीक अक्षरांत ‘बीटामेथासोन’. म्हणजे स्टेरॉइड. सुरुवातीला लाली उतरते, चेहरा उजळतो, विश्वास बसतो. पुढे कातडी पातळ होते आणि एकसारखे बारीक लाल फोड उठतात. बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. तिचे चार महिने यातच गेले होते.

मुरूम मळाने होतच नाही. वयात येताना अँड्रोजेन या हार्मोनमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशी चिकटून रंध्राला बूच बसतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नव्हे. बूच आत असतं. घासून ते निघत नाही, फक्त वरची कातडी सोलवटते.

ट्यूब कशी सोडवायची ते त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवलं. आता सौम्य फेसवॉश, तोही दोनदाच. कपाळावरचे फोड केसांच्या कडेने जास्त होते, म्हणून केसांना रात्रभर तेल थापणं बंद. चेहरा शांत झाल्यावर डॉक्टरांनी ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल दिलं: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एक दिवसाआड, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. फोडावर थापलं तर आग होते आणि लोक तिथेच सोडून देतात. (गरोदरपणात हे वापरत नाहीत.) पहिले काही आठवडे फोड वाढल्यासारखे वाटतात, खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी.

उष्णतेचं म्हणाल तर शेंगदाण्यांना दोष देण्यापेक्षा गोड शीतपेयं कमी करा. पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मात्र हार्मोनची तपासणी हवीच.

आईला एक काम दिलं: रोज सकाळी “आज अजून एक आला गं” म्हणायचं नाही. फोटो चार आठवड्यांनी एकदा, त्याच खिडकीपाशी.