एक नाव, अनेक आडनावं

प्रश्न : वसईत फर्नांडिस, फुटबॉलच्या बातम्यांत फर्नांडेझ आणि हर्नांडेझ, इतिहासाच्या पुस्तकात फर्डिनंड. हे सगळं एकच नाव का? आणि आमच्या गावातली दोन फर्नांडिस घराणी मुळात एकच असतील का?

उत्तर : नाव एकच. घराण्यांचं तसं गृहीत धरू नका.

मूळ नाव जर्मानिक, म्हणजे जुन्या जर्मन टोळ्यांच्या भाषेतलं. पाचव्या शतकात त्यांतली व्हिसिगॉथ ही टोळी स्पेनमध्ये उतरली, तिच्याबरोबर ते आलं आणि तिथे त्याचं ‘फर्नांदो’ झालं. पोर्तुगीजांत बापाच्या नावाला ‘एस’ जोडून मुलाची ओळख सांगत : फर्नांदोचा फर्नांडिस, लोपोचा लोपेस, नुनोचा नुनेस. स्पॅनिशमध्ये हाच प्रत्यय ‘एझ’. शिवाय तिथे शब्दारंभीचा ‘फ’ बऱ्याच शब्दांत ‘ह’ झाला आणि पुढे तोही उच्चारातून गळला. त्यातून हर्नांडेझ आलं. लिहिताना ‘ह’ राहिला, बोलताना मात्र सुरुवात ‘एर्ना’ अशी. शेवटी ‘एस’ असेल तर पोर्तुगीज, ‘झेड’ असेल तर स्पॅनिश, हा ठोकताळा आज चालतो. जुन्या कागदांत दोन्ही सापडतात, तिथे त्यावर विसंबू नये.

फर्डिनंड हे रूप ऑस्ट्रियात रुजलं ते तिथल्या हॅब्सबर्ग राजघराण्यामुळे. १५०३ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या या घराण्यातल्या राजपुत्राला आईच्या वडिलांचं, म्हणजे अ‍ॅरॅगॉनच्या राजाचं, नाव ठेवलं. तोच पुढे सम्राट झाला.

आता वसई. १५३४ मध्ये ती पोर्तुगीजांकडे गेली. ख्रिस्ती होताना, बाप्तिस्म्याच्या वेळी, नवं आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचं (गॉडफादरचं) किंवा धर्मगुरूचं मिळे. त्यामुळे परस्परांशी नातं नसलेली कुटुंबं एका आडनावाची झाली, आणि सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांचेही होऊ शकत. म्हणजे आडनावावरून पोर्तुगीज रक्तही सिद्ध होत नाही आणि आपसातलं नातंही. तमिळनाडूत तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत तर ‘एस’ न लावता नावच आडनाव झालं; क्रिकेटपटू दिलहारा फर्नांडो आठवा.

खात्री करायची तर चर्चच्या नोंदवह्या बघा. आजोबांच्या लग्नाच्या नोंदीपासून सुरुवात करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रत्येक नोंदीतून आईचं नाव, आळी आणि धर्ममातापित्यांची नावं उतरवून घ्या. घोटाळा होतो तो इथेच : एकाच गावात एकाच काळात त्याच नावाचे तीन-चार जण असतात आणि पहिला सापडला की लोक त्यालाच पणजोबा ठरवतात. आईचं नाव आणि आळी, दोन्ही जुळल्याशिवाय मागची पिढी जोडू नका. दोन्ही घराण्यांत धर्ममातापित्यांची तीच ती नावं पिढ्यान्‌पिढ्या येत असतील, तर नात्याची शक्यता बरीच वाढते.